व्याख्या

सेंट्रल बिल्डिंग, दुसरा मजला,
गळका कूलर, त्याच्या शेजारी माझं टेबल.
मसुदा इंग्रजीतून आला. एकेचाळीस पानं,
सोमवारपर्यंत मराठी करून हवा.
विषय : स्वयंनिर्णयी यंत्रांची सुरक्षितता.
वर टाचणीनं चिठ्ठी : सोपी भाषा वापरावी.

पहिल्याच ओळीत अडलो.
रोबो म्हटलं की तो.
यंत्र म्हटलं की ते.
यंत्रमानव लिहावं तर अर्धा माणूस
आपणच देऊन टाकतो त्याला, पोचपावती न घेता.
करंबेळकरबाई डबा उघडता उघडता म्हणाल्या,
यंत्र लिही आणि मोकळा हो.
लिहिलं. पुढे सगळीकडे ते.

कारखाने निरीक्षक शेळकंदे माझ्या खुर्चीवर हात टेकून वाचत होता.
म्हणाला, शब्द शोधतोयस ना, चल, दाखवतो.

चाकणला पोचायला अडीच तास,
त्यातला एक तळेगाव चौकात.
शेडमध्ये जमिनीवर पिवळी रेघ
आणि रेघेपलीकडे एक हात :
खांदा नाही, गळा नाही,
कोपर, मनगट, आणि मनगटावर कॅमेरा.
शेळकंदे म्हणाला, आमच्या जुन्या कायद्यात
पट्ट्याला जाळी, चाकाला जाळी,
जे हलतं त्याला जाळी.
हे ठरवतं.
ठरवण्याला कितीची जाळी घालू, सांग.

सारिका लोहोट. वय चौतीस. मूळ गाव जुन्नरकडचं.
उजव्या हाताची दोन बोटं, पहिल्या पेरापासून पुढे, नाहीत.
आम्हाला पाहून तिनं तो हात ओढणीत घेतला,
मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर काढला.

तीन आठवडे मीच शिकवलं, म्हणाली.
मनगट धरायचं आणि फिरवायचं,
पुरी लाटायला शिकवतात तसं.
टार्गेटच्या मागं पळायचे मी.
दिवा हिरवा व्हायच्या आधीच हात घालायचे.
भाऊजींनी तेच उचललं.

भाऊजी?

सगळ्याजणी तसंच म्हणतो. सारखे मधे मधे येतात ना.
ते नाही थांबले त्या दिवशी.
मी तरी कुठं थांबायचे?
मपलीच घाई हाय त्यांच्यात.

परतताना गाडीत मला तिचं ते ऐकू येत राहिलं.
माझं ते नपुंसकलिंगी.
तिचं आदरार्थी.
कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

रात्री कलम दोन, खंड (ढ) :
'प्रशिक्षक' म्हणजे, जी व्यक्ती यंत्रास
प्रत्यक्ष कृती करून दाखवते, ती.
आणि कलम एकोणीस :
दोष शिकवणीतला आढळल्यास प्रशिक्षक उत्तरदायी राहील.
इंग्रजीत या वाक्यात कोणी बाई नव्हती.
मराठीत व्यक्ती स्त्रीलिंगी, त्याला माझा इलाज नाही.
आमच्या कायद्यात दाढीवाला दरोडेखोरसुद्धा
पूर्णविरामापाशी येऊन ती होतो.
पण या वेळी
ती ओढणीतून हात काढून
समोर उभी होती.

जो कोणी लिहून पाहिलं.
इसम लिहून पाहिलं. खोडलं.
बारा वाजून गेले तेव्हा लक्षात आलं,
कंपनीही स्त्रीलिंगीच आहे.
तिनं यंत्र आणलं, टार्गेट फळ्यावर लिहिलं,
हिरव्या दिव्याआधी घातलेला प्रत्येक हात
महिनाअखेर मोजून घेतला.
प्रत्यक्ष कृती तिची म्हणायची नाही का?

समासात पेन्सिलनं लिहिलं :
'ती' म्हणजे नक्की कोण? स्पष्टीकरण मिळावे.
भाषांतरकारानं प्रश्न विचारायचे नसतात.
पेन्सिल होती म्हणून लिहिलं.

सोमवारी फाइल गेली.
गुरुवारी परत आली, मंजूर.
करंबेळकरबाईंनी शेवटच्या पानापर्यंत चाळली,
मागे आल्या, एकोणिसाव्या कलमावर थांबल्या,
चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.
माझा प्रश्न कुणी खोडला नव्हता.
त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता,
बरोबर 'ती'भोवती.